४१ सेंटिमीटरची पाठ आणि ६५ लिटरची सॅक

वय ३४, उंची पाच फूट चार इंच, वजन ५४ किलो. पुण्यात राहणारी, शाळेत गणित शिकवणारी. एका दिवसाचे ट्रेक कॉलेजपासून चालू आहेत. राजगड झाला, तिकोना झाला, पाचनईकडून हरिश्चंद्रगडही एका दिवसात झाला, आणि पाठीवर छोटी सॅक असताना तिला कधी काही दुखलं नाही. डिसेंबरअखेरीस त्यांच्या ग्रुपने रतनगड ते हरिश्चंद्रगड हा रेंज ट्रेक ठरवला. तीन दिवस, दोन मुक्काम, सगळं सामान स्वतःच्या पाठीवर. त्यासाठी तिने भावाची ६५ लिटरची सॅक आणली, ट्रेकला नेणार तशीच भरली आणि सरावासाठी सिंहगड गाठला. आतकरवाडीतून निघून निम्मी चढण होईपर्यंत दोन्ही खांदे भरून आले. माथ्यावर पोचेपर्यंत डाव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. सॅक उतरवल्यावरही त्या जायला अर्धा तास लागला.

मला फोन आला तेव्हा तिचा प्रश्न तयार होता. "ताई, मला नवी सॅक घ्यायची आहे. ब्रँड सांग, उद्याच आणते."

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि सगळेच याच क्रमाने विचारतात: आधी ब्रँड, मग किती लिटर, मग किंमत, आणि जमलंच तर दुकानात एकदा रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघायचं. माझं म्हणणं असं की हा क्रम पुरता उलटा आहे. आधी पाठ मोजायची, मग सामान तोलायचं, त्या सामानावरून लिटर ठरवायचे, आणि या सगळ्यातून जी दोन-तीन मॉडेल उरतील ती भरून, घालून, चालून बघायची. ब्रँडचा नंबर त्यानंतर. म्हणून तिला सांगितलं, उद्या काही आणू नकोस, आहे तीच सॅक आहे तशी भरलेली घेऊन ये.

मुंग्या कशाच्या

आधी मुंग्यांबद्दल, कारण दुखऱ्या खांद्यापेक्षा ती गोष्ट गंभीर आहे. मानेतून निघालेल्या नसांचं जाळं गळपट्टीच्या हाडाखालून, काखेतून हाताकडे जातं. सॅकचे बंद नेमके त्या भागावर बसतात. वजन जास्त, बंद अरुंद आणि कमरेला आधार नाही, असं असलं की या नसा दबतात आणि बोटं बधिर होतात. जड ओझं घेऊन लांब चालणाऱ्या सैनिकांमध्ये हा त्रास इतका दिसतो की वैद्यकात त्याला 'रक्सॅक पाल्सी' असं नावच आहे. तो वाढला तर हाताची ताकद जाते आणि परत यायला आठवडे, कधी महिनेही लागतात. तिचं अर्ध्या तासात निवळलं म्हणून पुढे जायला हरकत नव्हती. मुंग्या दुसऱ्या दिवशीही राहिल्या असत्या, किंवा पकड ढिली वाटली असती, तर सॅक बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा म्हणाले असते.

सॅक घालून उभी राहिली तेव्हा कारण लगेच दिसलं. हिप बेल्ट, म्हणजे सॅकचा कमरेचा पट्टा, होता, चांगला जाड गादीचा होता, बकलही लावलं होतं. पण तो कमरेच्या हाडावर नव्हता, त्याखाली नितंबांवर घसरून बसला होता. तिथे त्याला टेकायला काहीच नाही. मी बेल्ट वर ओढून हाडावर बसवला, तर खांद्याचे बंद खांद्यापासून सुटून वर उचलले गेले. माझी चार बोटं त्या फटीतून सहज गेली आणि सॅक मागे कलंडली. म्हणजे तिच्यापुढे दोनच पर्याय होते. बेल्ट जागेवर ठेवला तर सॅक मागे ओढणार, बंद जागेवर ठेवले तर बेल्ट निकामी. तिने नकळत दुसरा निवडला होता आणि सगळं वजन खांद्यांवर आलं होतं.

"पण दादाला तर कधी त्रास झाला नाही. आणि तो माझ्याहून दोनच इंच उंच आहे!"

उंची नव्हे, पाठ

सॅक उंचीवर बेतायची नसते, पाठीच्या लांबीवर बेतायची असते. मोजायला शिंप्याची टेप आणि दुसरं माणूस एवढं पुरतं. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी जो मणका टचकन वर येतो तिथून सुरुवात. शेवट शोधायला दोन्ही हात कमरेवर ठेवायचे, बोटं पुढे आणि अंगठे मागे, हाताची कड कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर टेकलेली. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ मनाशी धरायची. मणक्यापासून त्या रेघेपर्यंत, पाठीच्या वळणावरून टेप न ताणता जे अंतर भरेल ती पाठीची लांबी. स्वतःची स्वतः मोजू नये, हात मागे नेताना पाठ वाकते आणि माप चुकतं.

तिचं माप निघालं ४१ सेंटिमीटर. भावाला बोलावून घेतलं, त्याचं ४८. उंचीत दोन इंचांचा फरक आणि पाठीत सात सेंटिमीटरचा. तिचे पाय लांब आहेत आणि धड आखूड, भावाचं उलट. सॅक मोठ्या मापाची, तीही न बदलणारी: खांद्याचे बंद पाठीला जिथे शिवलेले आहेत तिथेच राहणार. भावासाठी ती उत्तम होती. त्याने तिथेच घालून दाखवली आणि बेल्ट हाडावर असा बसला की मापं घेऊन शिवल्यासारखा. त्यामुळे 'सॅक खराब आहे' हा निष्कर्ष तिथेच निकालात निघाला.

कमरेवर इतका जोर का, हे तिला पटेना. खांदे असतात की ओझ्यासाठी, असं तिचं म्हणणं. गळपट्टीचं हाड आणि खांद्याचे स्नायू हे हात हलते ठेवण्यासाठी आहेत. कमरेचं हाड थेट पायांना जोडलेलं आहे. नीट बसलेली सॅक सत्तर-ऐंशी टक्के वजन कमरेवर टाकते आणि खांद्याचे बंद मुख्यतः तिला पाठीशी धरून ठेवतात. हे गिर्यारोहणाच्या जगाला पूर्वापार माहीत होतं असंही नाही. कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी १९५२ मध्ये ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या सॅक विकायला सुरुवात केली आणि कमरपट्ट्याने वजन कमरेवर घेण्याची रीत तिथून रुजली. फ्रेम सॅकच्या आत घालण्याचं काम ग्रेग लो यांनी १९६७ मध्ये केलं. आज दुकानात टांगलेली जवळपास प्रत्येक मोठी सॅक या दोघांच्या कामाची वंशज आहे. आपल्याकडे मात्र हिप बेल्टचं बकल न लावता, पट्टे दोन्ही बाजूंना लोंबकळत ठेवून चालणारे ट्रेकर दर शनिवार-रविवारी कुठल्याही गडाच्या पायथ्याला दिसतात. सॅकमधला सगळ्यात कामाचा भाग ते फुकट वाहून नेत असतात.

काटा

आता सामान. सॅक हुकाच्या काट्याला लावली तर भरली बरोबर १५ किलो. अनेक दिवसांच्या चालीसाठी भरलेली सॅक आपल्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावी, असा ढोबळ नियम आहे. ५४ किलोचे २० टक्के म्हणजे १०.८. ती २८ टक्के घेऊन सिंहगड चढली होती. माप बरोबर असलेल्या सॅकनेही इतक्या वजनापुढे हात टेकले असते.

सगळं जमिनीवर ओतलं आणि एकेक वस्तू तोलली. नुसती सॅक २.३ किलो. पाणी ३. कपडे २.४, त्यात एक जीन्स, एक 'संध्याकाळी घालायला' आणि एक 'भिजलं तर'. जुनी स्लीपिंग बॅग १.९. शिधा आणि स्टोव्हमधला वाटा मिळून १.९. तंबूतला निम्मा वाटा १.३. दोन पॉवर बँक, टॉर्च, टॉयलेटरीजची पिशवी ०.९. जादा सँडल ०.६, औषधं ०.४, झोपायची कॅरीमॅट ०.३.

ट्रेकला काय न्यावं याच्या याद्या ढिगाने मिळतात, पण वजनाचा रकाना असलेली यादी क्वचित दिसते. तोलून बघितल्यावर तिला काही सांगावंच लागलं नाही. जीन्स तिनेच बाजूला काढली. सँडलऐवजी साध्या रबरी चपला आल्या. मैत्रिणीकडून १.२ किलोची स्लीपिंग बॅग मिळाली. कपडे १.३ वर आले: चालायचा एक जोड अंगावर, दुसरा जोड, झोपायचे कोरडे कपडे, जाकीट, कानटोपी. बाटल्यांचं पाणी २ लिटरवर आणलं, कारण डिसेंबरात त्या पट्ट्यातल्या ओढ्यांना पाणी असतं आणि गावातल्या वाटाड्याला फोन करून भरायच्या जागा विचारून घेतल्या होत्या. हाच ट्रेक एप्रिलमध्ये असता तर ३ लिटरही पुरले नसते आणि पुढचा सगळा हिशेब बदलला असता.

अडलं ते तंबूवर. ग्रुपचा नियम: सामाईक सामान समान वाटायचं. ऐकायला योग्य वाटतं, पण ८० किलोच्या माणसाला १.३ किलो म्हणजे दीड टक्का आणि हिला अडीच. स्टोव्ह, भांडी, तंबू, शिधा अशा प्रत्येक गोष्टीत हा फरक साठत जातो. यावर थोडी वादावादी झाली. 'मग मुलींना सूट का' असा सूर निघाला, तेव्हा ग्रुपमधल्या सगळ्यात किरकोळ मुलाचंच वजन ५२ आहे हे कुणीतरी लक्षात आणून दिलं. शेवटी वाटणी अंगाच्या वजनाच्या प्रमाणात करायची ठरली. तंबूचे पोल भावाकडे गेले, हिच्याकडे बाहेरचं कापड आणि खुंट्या राहिल्या, ०.९ किलो. शिधाही दीड किलोवर आला.

उरलेला ढीग तिने रिकाम्या खोक्यात दाबून रचला. गणिताच्या बाईंना हा भाग फारच आवडला. खोक्याचा तळ ४० बाय ३० सेंटिमीटर, सामान ३६ सेंटिमीटर उंचीपर्यंत आलं. गुणाकार ४३,२००, भागिले हजार, म्हणजे ४३ लिटरच्या आसपास. पहिला ढीग त्याच खोक्यात ५० सेंटिमीटर आला असता, म्हणजे ६० लिटर. सॅक किती लिटरची हवी याचं उत्तर या खोक्यातून आलं: थोडी जागा सोडून ५०. ६५ ची घेतली असती तर रिकामी जागा बघवली नसती आणि जीन्स परत आत गेली असती.

दुकानात

दुकानात जाताना तिने सगळं सामान दोन कापडी पिशव्यांत घालून नेलं. ट्रेकचे बूट आणि ट्रेकचीच पँट घातली. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते, म्हणून हा खटाटोप. दुकानदार आधी जरा वैतागला, मग त्यालाच गंमत वाटायला लागली. आमची अट साधी होती: प्रत्येक सॅकमध्ये हेच सामान भरायचं, वीस मिनिटं अंगावर ठेवायची आणि दुकानाचा जिना चढायचा-उतरायचा.

पहिली ५५ लिटरची, सगळ्यात स्वस्त. तिचा हिप बेल्ट म्हणजे दोन बोटं रुंदीची नुसती नाडी. असा पट्टा सॅक डोलू देत नाही इतकंच, वजन पेलत नाही. शिवाय सॅकच्या पाठीला आधार नव्हता. रिकाम्या सॅकचं वरचं टोक धरून खाली दाबलं तर ती मधोमध दुमडली. जी सॅक दुमडते ती वरचं वजन कमरेपर्यंत पोचवूच शकत नाही. ती न भरताच परत टांगली.

दुसरी ६० लिटरची, नावाजलेली, आणि निम्म्या किमतीत. भावाचा जीव तिच्यावर जडला. पण पाठीचं माप ठरावीक, पुरुषांसाठी बेतलेलं, आणि आपल्या ४१ ला लांबच. भरून घातल्यावर आधीचीच गोष्ट घडली, जरा कमी प्रमाणात. शिवाय खांद्याचे बंद सरळसोट असल्याने कडा काखेत घासत होत्या आणि छातीवर मधोमध दाब येत होता. "अर्ध्या किमतीत कोण देतं?" भावाने दोनदा विचारलं. सवलतीच्या रॅकवर बऱ्याचदा तीच मापं उरलेली असतात जी बहुतेकांना बसली नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. ते तिथे बोलून दाखवलं नाही.

तिसरी ४५ लिटरची, पाठीला ताणलेली जाळी असलेली. जाळी आणि सॅक यांत पोकळी राहते, वारा खेळतो, शर्ट भिजून चिकटत नाही. सह्याद्रीच्या उकाड्यात हे सुख लहान नाही. माप छोटं होतं, पाठीला नीट बसली, आणि पहिली पाच मिनिटं तिला हीच हवी होती. जिना उतरताना मात्र ती म्हणाली, "मागे कुणीतरी धरून ओढतंय." पोकळीमुळे सगळं सामान पाठीपासून काही सेंटिमीटर लांब जातं आणि तेवढ्याने तोल मागे सरकतो. सपाट वाटेवर ते जाणवणार नाही. रतनगडाच्या शिड्यांवर आणि त्यापुढच्या कात्राबाईच्या खिंडीच्या उतारावर जाणवेल. फ्रेम आत वळलेली असल्याने सॅकचं पोटही चमत्कारिक आकाराचं होतं, स्लीपिंग बॅग सरळ जाईना. गवताळ पठारांवरून रोज लांब चालणाऱ्या माणसाला मी हीच सुचवली असती.

चौथी ५० लिटरची, रिकामी १.६ किलो. खांद्याच्या बंदांची पाटी वेल्क्रोवर वर-खाली सरकणारी, बंद 'एस' आकाराचे आणि एकमेकांच्या जवळ, हिप बेल्ट वरच्या बाजूला निमुळता. बायकांच्या मापाची म्हणून विकली जाते, पण अरुंद खांद्यांच्या पुरुषालाही बसायला हरकत नाही. रंग जांभळा म्हणून कुणी टाळू नये. पाटी ४१ वर लावली आणि घालण्याचा क्रम तिच्याकडून घोटून घेतला. सगळे पट्टे ढिले करायचे. सॅक आधी मांडीवर घ्यायची, मग एक हात, मग दुसरा. जमिनीवरून झटका देऊन एका बंदाने उचलायची नाही, त्याने पाठही जाते आणि शिवणही. मग हिप बेल्टच्या गादीचा मध्य कमरेच्या हाडाच्या काठावर येईल असा लावून घट्ट करायचा. त्यानंतर खांद्याचे बंद, टेकतील इतपतच. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, लोड लिफ्टर, ओढायचे. ते बाजूने बघितलं तर तिरके, साधारण ४५ अंशांत दिसले पाहिजेत. आडवे दिसले तर पाठीचं माप चुकलंय. शेवटी छातीचा पट्टा, गळपट्टीच्या हाडाखाली दोन-तीन बोटं, श्वास अडणार नाही इतका.

मग खरी परीक्षा. खांद्याचे बंद पूर्ण ढिले केले. सॅक जराशी मागे झुकली, पण कमरेवरून घसरली नाही. "अगं, वजन गेलं कुठे?" हे तिचे शब्द. हिप बेल्ट आवळल्यावर पुढे दोन्ही गाद्यांच्या टोकांत चार बोटांची फट उरली होती, तेही बघून घेतलं. गाद्या दुकानातच एकमेकींना भिडत असतील तर ट्रेकमध्ये आवळायला जागा राहत नाही. सॅक ६,४०० ला पडली. सवलतीतली तिच्यापेक्षा स्वस्त होती, जाळीवाली महाग.

पुन्हा आतकरवाडी

ट्रेकच्या आदल्या आठवड्यात ती पुन्हा सिंहगडावर गेली. वजन भरायला सामानाऐवजी पाण्याच्या बाटल्या नेल्या. याचा फायदा असा की माथ्यावर पाणी झाडांना घालून रिकामं उतरता येतं आणि सरावापायी गुडघे झिजत नाहीत.

मुंग्या नाहीत, खांदे ठीक. पण कमरेच्या दोन्ही बाजूंना हाडावर लाल चट्टे, डावीकडे जास्त. तिला वाटलं बेल्टच चुकीचा. विचारलं, डाव्या खिशात काय होतं? मोबाइल. बेल्टखाली खिशात काहीही ठेवलं, अगदी घराची किल्ली, तरी ते हाडावर दाबलं जातं. पुढे पोटावर आणखी वेगळा वळ होता, तो ट्रॅकपँटच्या नाडीच्या गाठीचा. नाडीच्या जागी रुंद इलॅस्टिकची पँट आली. उजव्या बाजूचं दुखणं उरलं. नव्या सॅकने कमरेला थोडं दुखतंच, नव्या बुटांसारखं, पण चट्टे उठत असतील तर बेल्ट जास्त आवळला जातोय किंवा खाली आलाय असं समजावं. पाटी दीड सेंटिमीटर खाली घेतली, तेव्हा बेल्ट आवळून ठेवायची गरज कमी झाली. टेपवरचं माप सुरुवात करायला असतं, शेवटची जागा चालल्यावरच सापडते.

भरण्याची रीतही इथेच बदलली. आधी ती जड वस्तू तळाशी घालत होती, 'तोल राहावा म्हणून'. आता तळाला स्लीपिंग बॅग. शिधा, स्टोव्ह, जादा पाणी पाठीला चिकटून मधोमध. कपडे त्यांच्याभोवती, सांदीकोपऱ्यात. माथ्याला औषधं, जाकीट, टॉर्च. सगळ्याच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, कारण रेनकव्हर पाठीकडून ओघळणारं पाणी अडवत नाही. डिसेंबरात पाऊस नसला तरी दव असतं. कॅरीमॅट तिने आडवी बांधली होती, ती उभी करायला लावली. आडवी मॅट कारवीत अडकते आणि शिडीच्या कठड्यात हमखास अडकते, तीही नेमकी दोन्ही हात गुंतलेले असताना.

रतनवाडी ते खिरेश्वर

पहाटे रतनवाडीत काट्याला लावली तेव्हा सॅक ९.९ किलो होती, तिच्या वजनाच्या १८ टक्क्यांच्या आसपास. गडाच्या शिड्यांखालच्या फाट्यावर ग्रुपने सॅक उतरवल्या आणि आळीपाळीने गड बघितला. राखणीला माणूस ठेवावंच लागतं, तिथली माकडं सॅकची चेन आपल्यापेक्षा सफाईने उघडतात. पुढे जंगलातून कात्राबाईच्या खिंडीचा चढ तिने ग्रुपच्या मधोमध राहून पार केला, आधीच्या अनुभवावरून तिला शेवटी राहण्याची भीती होती. खिंडीतून कुमशेतकडे उतरताना मुरमाचा घसारा आहे. तिथे तिने लोड लिफ्टर आवळून सॅक पाठीला घट्ट धरली आणि खाली सपाटीला आल्यावर पुन्हा सैल केली. हे पट्टे एकदा लावून विसरायचे नसतात, हे तिला कुणी आठवण न करता जमलं याचं मला कौतुक वाटलं.

कुमशेतला गावातल्या घरी मुक्काम, गरम पिठलं-भाकरी. बोटं ठीक, खांदे ठीक, कमर थोडी हुळहुळलेली.

दुसऱ्या दिवशी पाचनईकडे जाताना दुपारनंतर डाव्या करंगळीत पुन्हा हलक्या मुंग्या आल्या. ती घाबरली. भावाने बेल्टला हात लावून बघितला तर तो सैल. जेवायला बसताना तिने दोन्ही बाजूंनी ढिला केला होता आणि उठल्यावर बकल लावलं, आवळला नाही. तासभर सगळं वजन पुन्हा खांद्यांवर होतं. आवळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत मुंग्या गेल्या. या एका तासाने आमच्या निदानाला जेवढी पुष्टी दिली तेवढी दुकानातल्या कुठल्याच चाचणीने दिली नव्हती: तीच सॅक, तेच वजन, तीच बाई, बदल फक्त बेल्टचा. तेव्हापासून प्रत्येक थांब्यानंतर दोघं एकमेकांचे बेल्ट तपासायला लागले. दिवसभराच्या चालीत पोट बसतं, जाकीट निघतं, आणि सकाळी घट्ट असलेला बेल्ट दुपारी आपोआपच ढिला होतो, ही गोष्ट भावालाही नवी होती.

हरिश्चंद्रगडावर दुसरा मुक्काम, तिसऱ्या दिवशी तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतार. शिधा संपत आल्याने सॅक हलकी झाली होती, पण अर्धी रिकामी सॅक आत सामान हलवते. बाजूचे दाबपट्टे आवळून तिने ती चापून घेतली. खिंडीच्या वरच्या कातळावर रेलिंग धरून उतरताना सॅक कुठे डुलली नाही. ग्रुपमधल्या दोघांच्या, ज्यांच्या सॅकला तंबूच्या पिशव्या बाहेरून लोंबत होत्या, त्या डुलत होत्या.

सगळंच जमलं असं नाही. जाळीच्या पाठीशी तुलना केली तर या सॅकने घाम जास्त काढला. दोन्ही दिवस शर्ट मागून पूर्ण भिजला आणि मुक्कामाला पोचताच बदलावा लागला. बेल्टवरच्या खिशांत तिचा मोबाइल मावत नाही, राजगिऱ्याची चिक्की तेवढी मावते. आणि बाजूचा बाटलीचा कप्पा इतका मागे आणि इतका सरळ आहे की सॅक अंगावर असताना तिचा हात पोचत नाही. प्रत्येक वेळी पुढच्याला हाक मारून बाटली काढून घ्यावी लागली. त्यापायी पहिल्या दिवशी ती कमी पाणी प्यायली आणि संध्याकाळी डोकं धरलं. आता खांद्याच्या बंदाला अडकवायची अर्ध्या लिटरच्या बाटलीची पिशवी तिने शिवून घेतली आहे. उजव्या बंदाला लावायची, डाव्या नाही, एवढं मी सांगितलं.